दोन लिटर म्हणजे किती?



माहूरच्या या व्याख्यानमालेसाठी विषय कळवा असा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, "घरातला ऑक्सिजन." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "डॉक्टरसाहेब, मागच्या साली संतसाहित्य होतं." मी म्हटलं, यंदा श्वासावर बोलू, संतांनीही तो घेतलाच असणार. कार्यकर्ते भले. त्यांनी पत्रिकेत तसंच छापलं.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना हा विषय मी ओढूनताणून जोडलेला नाही. त्यांची शेवटची अडीच वर्षं रात्री तोंडावर मास्क लावून गेली, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. नांदेडहून त्यांना मशीन देऊन घरी पाठवलं, त्या दिवशी मी डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'रात्री बायपॅप, सोबत ऑक्सिजन २ लिटर.' गुरुजींनी कार्ड वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "डॉक्टर, दोन लिटर म्हणजे किती?"

"दर मिनिटाला दोन लिटर, गुरुजी."

"ते कळलं. माझ्या छातीत शेकडा किती जातो?"

उभी हयात गणित शिकवलेला माणूस. फळ्यापाशी उभं करून उत्तर न आलेल्या पोराचं होतं तसं माझं झालं. मी म्हटलं, "साधारण पंचवीस-तीस टक्के." त्यावर ते म्हणाले, "साधारणला मार्क नसतात."

आज मी त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आलोय. उशीर झालाय, कबूल.

हवेत ऑक्सिजन शेकडा २१ असतो. रेणुकामातेच्या गाभाऱ्यात २१, दत्तशिखरावर २१, खाली पैनगंगेच्या पात्रातही २१. उंचावर हवा विरळ होते, पण टक्का तोच राहतो. आपल्या डोंगराच्या उंचीने तर जाणवण्यासारखा फरक पडत नाही. गड चढताना दम लागतो तो पायऱ्यांनी. निरोगी माणसाला हे २१ टक्के भरपूर होतात. ज्याच्या फुप्फुसाची चाळण झाली, त्याला पुरत नाहीत.

चाळण कशाने होते? आपल्याकडे छातीच्या सगळ्या दुखण्याला 'दमा' म्हणतात. लहानपणापासून येणारा-जाणारा दमा वेगळा. चाळिशी-पन्नाशीनंतर हळूहळू चढत जाणारी, परत न फिरणारी धाप वेगळी. तिला आम्ही सीओपीडी म्हणतो. पुरुषांत ती बहुधा बिडीने येते. बायकांत चुलीने. पऱ्हाट्या, तुराट्या, पावसाळ्यात ओलं लाकूड आणि गोवऱ्या. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून धुरात बसलेली बाई साठीला पोचते तेव्हा तिची धाप पट्टीच्या बिडीवाल्यासारखी असते, आणि तिने आयुष्यात बिडी धरलेलीही नसते. २०१६ साली देशात असे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. त्याच वर्षी उज्ज्वला योजना सुरू झाली. सिलिंडर घरात आला खरा, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच. टाकी भरायला पैसे लागतात, पऱ्हाट्या शेतात फुकट मिळतात. मी कुणाला दोष देत नाही.

आता मशीनकडे येतो. इथे बहुतेकांचा एक घोळ असतो, आणि तो घोळ मी डॉक्टरांतही पाहिलाय. ऑक्सिजन देणारं मशीन आणि श्वास देणारं मशीन ही दोन वेगळी यंत्रं आहेत. फुप्फुसाला दोन कामं असतात, ऑक्सिजन आत घ्यायचा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. पहिलं काम अडलं तर ऑक्सिजन द्यावा. दुसरं अडलं तर नुसत्या ऑक्सिजनने भागत नाही, भाताच हलवावा लागतो. लोहाराचा भाता थकला की कुणीतरी दोर धरून ओढावा, तसं बायपॅप करतं. श्वास घेताना दाब वाढवतं, सोडताना कमी करतं. साचलेला वायू त्याने धुऊन निघतो.

माणसाचा भाता दुसऱ्याने हलवण्याची सर्वांत मोठी गोष्ट १९५२ सालची आहे. कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या श्वासनळीत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबायला सांगितली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. आजचे अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाले. सत्तर वर्षांत ती पिशवी एवढीशी होऊन माहूरच्या खोलीतल्या स्टुलावर येऊन बसली. विद्यार्थी मात्र आले नाहीत. त्यांच्या जागी सून आली.

घरी ऑक्सिजन द्यावा की नाही, याचा निकाल ब्रिटनमधल्या एका छोट्या प्रयोगाने लागला. ८७ रुग्ण. ४२ जणांना घरी रोज किमान १५ तास ऑक्सिजन दिला, ४५ जणांना दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातले १९ गेले, दुसऱ्यातले ३०. हे १९८१ साली छापून आलं, आणि जगभरचे डॉक्टर आजही 'पंधरा तास' म्हणतात ते त्याच्याच जोरावर. पण हा फायदा ज्यांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं बोटावर मोजलेलं माप, बसल्या जागी ८८ किंवा त्याखाली आहे त्यांचा. ज्यांचं थोडंसंच उतरलेलं असतं अशा ७३८ रुग्णांवर अमेरिकेत प्रयोग झाला. २०१६ साली त्याचा निष्कर्ष आला, फायदा दिसत नाही. तेव्हा शेजारच्या काकांना लावला म्हणून आमच्या बाबांनाही लावा, हा हट्ट धरू नका.

आणि ऑक्सिजनच्या जोडीला मशीन? २०१७ साली ब्रिटनमधल्याच ११६ रुग्णांचा अभ्यास आला. तीव्र झटका ओसरल्यावर दोन-चार आठवड्यांनीही ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड चढलेला होता, असे हे रुग्ण. नुसत्या ऑक्सिजनवाल्यांना पुन्हा दाखल व्हायला किंवा मृत्यू यायला लागलेल्या काळाचा मध्यक १.४ महिने. घरी मशीनही दिलं त्यांचा ४.३ महिने. गुरुजींना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. उपचारावर नव्हे हो, डॉक्टर सरासरी न म्हणता मध्यक म्हणाला म्हणून.

आता मूळ प्रश्न. दोन लिटर म्हणजे किती?

दवाखान्यातल्या मोठ्या व्हेंटिलेटरवर ऑक्सिजनचा टक्का ठरवता येतो. ३० लावा, ३० मिळतो. आत मिसळणीची सोय असते. घरच्या बायपॅपला बहुधा ती नसते. ते खोलीतली हवा ओढून फेकतं, आणि आपण त्याच्या नळीत बाजूने ऑक्सिजन सोडतो. म्हणजे टक्का कुणीच ठरवत नाही, तो आपोआप ठरतो. घरात पाव्हणे आले की वरणात तांब्याभर पाणी वाढवतात. मीठ तेवढंच राहिलं तर वरण अळणी. इथे मीठ म्हणजे ऑक्सिजन आणि पाणी म्हणजे मशीनची हवा. ऑक्सिजन दोन लिटरच आहे, पण त्यात हवा किती मिसळली यावर चव ठरणार.

गुरुजी आजारपणाच्या नोंदींची एक वही ठेवत, तिच्यातला हिशोब सांगतो. कॉन्सन्ट्रेटरमधून, म्हणजे ऑक्सिजन देणाऱ्या मशीनमधून, येतो तो ऑक्सिजन शुद्ध नसतो, साधारण ९३ टक्के असतो. दोन लिटरमध्ये खरा ऑक्सिजन १.८६ लिटर. समजा मशीन, श्वास आणि नळीचं भोक मिळून मिनिटाला ३० लिटर हवा वाहतेय. उरलेले २८ लिटर खोलीतली हवा, तिच्यातला ऑक्सिजन ५.८८ लिटर. बेरीज ७.७४. भागिले ३०. उत्तर शेकडा २६ च्या आतबाहेर. आता मास्क गालावरून सरकला. हवा पळाली, मशीनने ती भरून काढायला जोर लावला, आणि वाहणारी हवा ५० लिटर झाली. नॉब दोनवरच, प्रवाह दाखवणारी गोटी दोनवरच, पण छातीत शेकडा २४ सुद्धा नाही. डॉक्टरने दाब वाढवला तरी हेच होतं. ज्याचा दाब वाढवला त्याचा ऑक्सिजन पातळ झाला, हे डॉक्टरच्या ध्यानात राहिलं तर बरं. माझ्या ते पहिल्या काही वर्षांत राहत नसे.

नळीचं भोक म्हटलं, ते लक्षात ठेवा. या मशीनला एकच नळी असते. सोडलेला श्वास जायला मास्कला किंवा नळीला मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात. हवा गळतेय म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी लावलेली मी पाहिलीय. लावणारा घरातला हुशार माणूस होता. भोक बुजलं की सोडलेला वायू परत आत. भोक मास्कवर असेल तर ऑक्सिजनही तिथूनच धुऊन जातो. भोक नळीत ठेवून ऑक्सिजन मास्कपाशी सोडला तर टक्का जास्त मिळतो, असं प्रयोगशाळांमधल्या मोजणीत दिसलंय. म्हणून मास्क बदलला की डॉक्टरला सांगा. नवा मास्क दिसायला तसाच असला तरी त्याचं भोक दुसरीकडे असू शकतं.

आता एका रात्रीची गोष्ट. माहूरच्याच आसपासचं खेडं आहे, घर सांगत नाही. साठी ओलांडलेली बाई, चुलीवर उमर गेलेली. सून आठवी शिकलेली. रात्री साडेअकराला फोन आला. "सायेब, आत्याबाईचं बोट पंच्याऐंशी दावायलंय. नॉब वाढवू का?"

मी म्हटलं, नॉबला हात लावू नको. आधी बोट पुस, चोळून गरम कर, दुसऱ्या बोटाला लाव. तरी ८५. मास्कजवळ कान ने, फुसफुस येते का? "येते, डोळ्याकडून." आत्याबाई रात्री कवळी काढून ठेवायच्या. गाल आत गेले की मास्क बसत नाही. पट्टा सारखा करून घेतला. फुसफुस थांबली, आकडा ८६. मग म्हटलं, ऑक्सिजनची बारीक नळी मास्कपासून सोडव आणि तिचं टोक फुलपात्रातल्या पाण्यात बुडव. बुडबुडे येतात का?

फोनवर थोडा वेळ नुसता मशीनचा घुर्र आवाज. मग, "एकबी न्हाई."

मशीन चालू, गोटी दोनवर तरंगतेय, आणि नळीतून काहीच नाही. गळती कुठे? दोष पाण्याच्या बाटलीत निघाला. ऑक्सिजन ओला करायची ती प्लास्टिकची बाटली. दुपारी पाणी बदलताना झाकणाचे आटे वाकडे बसले होते. दिसायला घट्ट, पण सगळा ऑक्सिजन झाकणाच्या कडेने खोलीत. तिने झाकण उघडून सरळ बसवलं, टोक पुन्हा पाण्यात धरलं, आणि मला फोनवरही कळलं, कारण ती हसली. पंधरा मिनिटांनी ९०.

या सगळ्याला अर्धा तास लागला. खर्च शून्य. मशीन बसवून देणाऱ्याने हे तिला दाखवलं नव्हतं. मीही दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्याकडून घरी जाणारा प्रत्येक रुग्ण फुलपात्राची परीक्षा पास होऊनच जातो. आणि सांगण्याचा क्रम पक्का केलाय. बोट, मास्क, नळी, बाटली, फिल्टर. नॉब सर्वांत शेवटी, आणि तोही डॉक्टरला विचारून.

नॉब शेवटी का? कमी ऑक्सिजनने माणूस घुसमटतो, तडफडतो, घर जागं करतो. जास्त ऑक्सिजनने तो गप झोपतो. एका घरात मुलाने वडिलांची धाप पाहवेना म्हणून रात्री नॉब दोनावरून पाचावर नेला. बोटावर ९८ आले. घर निर्धास्त झोपलं. सकाळी सगळे म्हणाले, आज बापू किती दिवसांनी शांत झोपलेत. नऊ वाजता हलवून उठवलं तर उठेनात. कार्बन डायऑक्साइड साचून माणूस गुंगीत गेला होता. नांदेडला पोचले, वाचले. मुलाला मी रागावलो नाही. ९८ चांगले आणि ९० वाईट, हे त्याला कोविडमध्ये आम्हीच शिकवलं होतं.

सीओपीडीच्या या रुग्णांचं फुप्फुस ऑक्सिजन कमी असलेल्या भागाकडचं रक्त आवरून धरतं, बऱ्या भागाकडे वळवतं. ऑक्सिजनचा पूर आला की ही शहाणी व्यवस्था मोडते. रक्तातला कार्बन डायऑक्साइडही सुटा होतो, आणि श्वासाची ओढ मंदावते. म्हणून त्यांच्यासाठी सॅच्युरेशनचं माप ८८ ते ९२. खाली नको, वरही नको. टास्मानिया बेटावर ॲम्ब्युलन्समध्येच हे तपासलं. धाप लागलेल्या ४०५ रुग्णांपैकी काहींना सरसकट भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना ८८ ते ९२ राहील एवढाच. भरपूरवाल्यांत शेकडा ९ दगावले, मोजूनवाल्यांत शेकडा ४. हे २०१० साली छापून आलं. माहूरपासून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. १०८ बोलावली तर आत चढताना सांगा, यांचं माप ८८ ते ९२ आहे. सांगायला लाजू नका. कार्डावर लाल शाईने लिहून ठेवा.

बोटाला लावायचा तो चिमटा. ताकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्याने १९७४ साली त्याची युक्ती शोधली. तो एप्रिल २०२० मध्ये वारला, जगभर माणसं त्याचा चिमटा धुंडाळत होती त्याच महिन्यात. मोठी गोष्ट केली त्याने. पण चिमटा कधीकधी खोटंही बोलतो. गार बोट, नखाला रंग, हलणारा हात, आणि काळी त्वचा. अमेरिकेतल्या मोजणीत काळ्या रुग्णांचा खरा ऑक्सिजन घसरलेला असूनही चिमटा ठीक दाखवत होता, असं गोऱ्यांच्या तिप्पट वेळा घडलं. उन्हात राबलेल्या आपल्या माणसांनी हे ध्यानात ठेवावं. शिवाय चिमट्याला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. त्यासाठी मनगटातून रक्त काढून एबीजी करावी लागते, वर्षातून एक-दोनदा तरी. सकाळी डोकं ठणकतंय, दिवसा पेंगा येताहेत, धरलेला कप थरथरतोय, तर चिमट्यावर ९५ असले तरी दवाखाना गाठा.

वीज. हा विषय मराठवाड्यात टाळून चालत नाही. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर ३५० वॉटच्या आसपास खातं. पंधरा तास म्हणजे सव्वापाच युनिट, महिन्याला १५७. एरवी शंभराच्या आत राहणारं घर पुढच्या दराच्या टप्प्यात जातं. गुरुजींच्या वहीत याचंही कोष्टक आहे, आणि खाली एक ओळ, 'श्वासाचा आकार वेगळा लावला पाहिजे.' बिलातला स्थिर आकार, वहन आकार असतो ना, तसा. मग लाईट जाते. दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीवर कॉन्सन्ट्रेटर जेमतेम साडेतीन तास चालतं. बायपॅप मात्र पाणी गरम करायची सोय बंद ठेवली तर पन्नासेक वॉटवर चालतं, रात्र काढतं. म्हणून युक्ती अशी, लाईट गेली की बायपॅप इन्व्हर्टरवर आणि ऑक्सिजन सिलिंडरमधून. लहान बी टाइप सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर असतो. मिनिटाला दोन लिटर धरा, साडेबारा तास. सिलिंडरची चावी त्याच्या मानेलाच सुतळीने बांधून ठेवा. अंधारात चावी शोधण्यात गेलेली दहा मिनिटं मी ऐकली आहेत, फोनवरून.

आणि दोन गोष्टी पाठ करा. इन्व्हर्टरही नसेल आणि बायपॅप बंद पडलं तर मास्क ताबडतोब काढा. बंद मशीनच्या नळीत स्वतःचाच वायू फिरत राहतो. दुसरी, चालू करताना आधी मशीन, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. बंद मशीनच्या नळीत ऑक्सिजन साचला तर ठिणगीने आग भडकू शकते.

ठिणगीवरून नवरात्र आठवलं. रेणुकेच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मी घटाचा अखंड दिवा विझवा म्हणणार नाही. म्हटलं तर ऐकणारही नाही कुणी. पण दिवा एका खोलीत आणि ऑक्सिजन दुसऱ्या खोलीत, एवढं करा. खोली एकच असेल तर दिवा शेजारच्या घरी द्या. देवी तिथेही पाहते. उदबत्ती, चूल, बिडी यांचंही तेच. किमान दहा फूट. ओठ फुटतात म्हणून व्हॅसलीन, खोबरेल, बाम मास्कच्या आत लावू नका. तेल आणि ऑक्सिजन यांचं जमत नाही. पाण्याचा मलम मिळतो, तो लावा.

कॉन्सन्ट्रेटरच्या आत झिओलाइट नावाच्या दगडाचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, उरलेला ऑक्सिजन पुढे जातो. दमट हवेने आणि धुळीने हे दाणे निकामी होतात. कापूस वेचून आणून खोलीत ढीग लावला, आणि मशीन पडद्यामागे भिंतीला टेकवून ठेवलं, तर फिल्टर आठवड्यात तुंबतं. मग मशीन घुरघुरतं, गोटी तरंगते, आणि बाहेर ९३ ऐवजी ७० टक्के येतो. त्याच हिशोबात ७० घालून पाहा, छातीतले २६ टक्के २४ वर येतात. कुणालाच दिसत नाही. फिल्टर दर रविवारी धुवा, पुरतं वाळवा, मगच बसवा. मशीन भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढा.

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. पाच वर्षांनी, कोविडच्या साथीत, एप्रिल २०२१ मध्ये, विशाखापट्टणमहून नागपूर-नाशिकला रेल्वेने ऑक्सिजन आला. मराठवाड्याच्या माणसाला दोन्ही गाड्यांचा अर्थ लगेच कळतो. त्या वर्षी सरकारने, संस्थांनी, परदेशातल्या आपल्या माणसांनी कॉन्सन्ट्रेटर वाटली. साथ गेली. मशीनं उरली. कपाटांत, माळ्यावर, पोत्याखाली. त्यांना टेस्टर लावलेला नाही. आणि त्याच गावांत पंधरा तास ऑक्सिजन लागणारी माणसं कर्ज काढून नवी मशीनं घेताहेत. आपल्या आरोग्य योजनांचा आधार मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाला आहे. घरी गेलेला रुग्ण योजनेच्या हिशोबात बरा झालेला असतो.

माझं स्पष्ट मत सांगतो. आम्ही डॉक्टरांनी दवाखान्याची एक खाट उचलून रुग्णाच्या घरात ठेवली, पण खाटेबरोबरची सिस्टर, टेक्निशियन आणि मोजमाप मागे ठेवलं. ते काम सुनेच्या, लेकीच्या, म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात टाकलं, आणि लिटर लिहून मोकळे झालो. तालुक्याला एक टेक्निशियन हवा. महिन्यातून एकदा घरी जाऊन मशीनच्या तोंडाशी आणि मास्कपाशी ऑक्सिजन मोजणारा, रात्रभराचं सॅच्युरेशन नोंदवून आणणारा. एक ॲनालायझर आणि एक मोटरसायकल, एवढाच खर्च. लिटर लिहिणाऱ्या डॉक्टरने खाली ८८ ते ९२ हे मापही लिहावं, मराठीत. महावितरणने या घरांची यादी करून लाईट जाण्याआधी त्यांना फोन करावा. वाटल्यास या व्याख्यानमालेने तसा ठराव करावा, मी पहिली सही करतो.

एका पावसाळ्यात मी ॲनालायझर घेऊन गुरुजींकडे गेलो. कॉन्सन्ट्रेटरच्या तोंडाशी ९३ आला. मग त्याची बारीक नळी मास्कच्या आत सरकवली. श्वासाबरोबर आकडा हलत होता. २५, २७, २६, पुन्हा २५. गुरुजी मास्कमधून बोलू शकत नव्हते. त्यांनी वही मागितली आणि शंभरपानी वहीच्या त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं, '२५ ते २७.' खाली मला दिसेल असं लिहिलं, 'आता मार्क मिळतील.'

ती वही घरच्यांनी आज इथे आणली आहे. तारीख, वेळ, सॅच्युरेशन, मास्क, लाईट. रात्री ११.४० ला ९१. २.१५ ला ८७, मास्क सरकला. ३.०० लाईट गेली. ३.२० आली. पहाटेची नोंद सूनबाईंच्या अक्षरात, कारण त्या वेळी गुरुजींना पेन धरवत नसे. शेवटची ओळही त्यांच्याच अक्षरात आहे. ती मी वाचणार नाही.

उद्या सकाळी नऊ ते बारा मी शाळेच्या व्हरांड्यात बसतोय. ॲनालायझर बरोबर आणलाय, टेक्निशियनही येतोय. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, चालू असो की बंद, त्यांनी ते घेऊन यावं. येताना पाण्याची बाटली, नळी, मास्क आणि प्लगची पिनही आणा. रुग्णाला आणायची गरज नाही, रात्री त्याच्याजवळ जे जागतं त्याने यावं. ज्यांचं मशीन कोविडपासून माळ्यावर आहे, त्यांनी तर जरूर यावं. चालत असेल ते लिहून घेऊन गरजूला देऊ. गुरुजींचं मशीन त्यात पहिलं आहे. आज दुपारी मोजलं, ९२ देतंय.